आमच्या टेकड्यांची कैफियत

डोंगरांतही उच्चनीच असते, हे परभणी जिल्ह्यात जन्माला आलेल्या माणसाला फार लवकर समजते. ज्याच्या माथ्यावर किल्ला आहे, ज्याच्या कड्यावरून श्रावणात पाणी कोसळते आणि ज्याच्या पायथ्याशी पुण्या-मुंबईहून पहाटे निघालेली मोटार न्याहारीच्या वेळेला पोचते, तो डोंगर कुलवान. त्याच्यावर पुस्तके निघतात, त्याची छायाचित्रे मुखपृष्ठांवर झळकतात, त्याला कुणी कुदळ लावली तर वर्तमानपत्रांकडे पत्रांचा पाऊस पडतो. बाकीचे डोंगर म्हणजे नुसते उंचवटे. आमच्या जिंतूरच्या टेकड्या या दुसऱ्या वर्गातल्या. अजिंठ्याच्या रांगेचे शेपूट जिल्ह्याच्या उत्तर अंगाने सरकत जाते आणि बालाघाटाची रांग दक्षिणेला गंगाखेड तालुक्यात डोके वर काढते; एवढीच आमची डोंगरसंपत्ती. कळसूबाई १६४६ मीटर उंच. आमच्यातली थोरली टेकडी तिच्या कमरेलाही लागायची नाही.

म्हणून ती टेकडी नव्हे की काय? जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैनांची जुनी गुंफामंदिरे आहेत. इवल्याशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची अवजड मूर्ती पाहायला लोक लांबून येतात, दर्शन घेतात, आणि टेकडीकडे पाठ फिरवून निघून जातात. त्यांनी थोडे थांबावे. दसऱ्यानंतर इथले गवत पिवळे पडू लागते, सीताफळांचे डोळे उघडतात, तरवड फुललेला असतो. उतारावर मेंढरे पांगलेली असतात, आणि त्यांच्या मागे राहणारा लांडगा दिसत नसला तरी धनगराच्या कुत्र्याच्या कानांवरून तो कुठे आहे ते कळते. पलीकडे चारठाण्याची प्राचीन देवळे आहेत, पूर्णेवरचे येलदरी धरण आहे. मी इथल्या शाळेत पुष्कळ वर्षे भूगोल शिकवला. वर्गात नकाशा टांगून जे समजत नसे, ते मुलींना या टेकडीवर नेऊन उभे केले की दहा मिनिटांत समजे. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे दाखवायला हिमालयच लागतो असे नाही.

हे सारे सांगावयाचे कारण असे. दोन वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात गिरिभ्रमण करणाऱ्या मंडळींचा मेळावा भरला होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला आग्रहाने नेले. सकाळचा भाग अतिशय आनंदाचा गेला. डोंगरवेडी माणसे जमली म्हणजे जे बोलणे चालते त्याला तोड नाही. अमुक गडाच्या टाक्यात मार्गशीर्षापर्यंत पाणी असते, पुढे बेडूक. तमुक घळीतून उतरू नका, गेल्या पावसाळ्यात दरड आली आहे. फलाण्या वाडीतल्या म्हातारीकडे पिठले-भाकरी मिळते, पण आदल्या दिवशी निरोप धाडावा लागतो. आनंद पाळंद्यांची ‘डोंगरयात्रा’ पाठ असलेले लोक होते; तीत नसलेल्या वाटा वह्यांत टिपून आणलेले तरुण होते. कुणी काही राखून ठेवत नव्हते. पाण्याची जागा दुसऱ्याला सांगणे हा डोंगरातला पहिला धर्म, आणि तो ही मंडळी मनापासून पाळतात.

दुपारी चर्चा होती पवनचक्क्यांवर. साताऱ्याकडची चाळकेवाडी, पाटणवरचे वनकुसवड्याचे पठार, भीमाशंकराच्या शेजारचे डोंगर, अशी नावे निघाली. बोलणारे तावातावाने बोलत होते. क्षितिज विद्रूप झाले, छायाचित्रात पांढरे खांब येतात, रात्री तंबूत झोपलो की पात्यांची घरघर ऐकू येते, डोंगराचे एकांतपण गेले. मग एक अनुभवी गृहस्थ उभे राहिले. आवाज गोड, चेहरा समंजस. ते म्हणाले, “आम्ही विजेच्या विरुद्ध नाही. फक्त आमचा सह्याद्री सोडा. मराठवाड्यात एवढे ओसाड माळ पडले आहेत, तिथे बसवा की पाहिजे तितक्या! तिकडे चढायला कोण जातो?”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझी ओळख पटताच ते गृहस्थ चहाच्या वेळी आपण होऊन जवळ आले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही रागावला नाहीत ना?”

रागावले होते, आणि अजून आहे. पण नुसत्या रागाने लेख होत नाही. त्या टाळ्यांच्या आत दडलेला विचार मला उघड्यावर आणावयाचा आहे.

पहिली गोष्ट, ‘ओसाड’ या शब्दाची. हा शब्द त्या गृहस्थांनी शोधलेला नाही. तो सरकारी दप्तरातून आला आहे. भारत सरकारच्या ग्रामविकास खात्याने सन २००० पासून पडीक जमिनींचे नकाशासंग्रह काढले आहेत. त्यांत खुरटी झुडपे असलेली जमीनही येते आणि झिजलेली कुरणेही येतात. उपग्रहाने वरून पाहिले, झाडी दिसली नाही, शिक्का मारला. त्या उपग्रहाला धनगराचा वाडा दिसत नाही आणि पावसाच्या दोन सरींनंतर उगवणारे गवत कुणाच्या पोटात जाते तेही दिसत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ असाच ‘ओसाड’. १९७९ साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य झाले, आणि आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याला झाडी नकोच होती, त्याला उघडा माळ हवा होता. जड अंगाचा हा पक्षी समोरची तार वेळेवर पाहू शकत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतो. हे राजस्थान-गुजरातेत इतके झाले की २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या तारा जमिनीखालून न्यावयाचा आदेश दिला. २०२४ साली तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. तेव्हा ओसाड म्हणजे रिकामे नव्हे, एवढे तरी डोंगरात हिंडणाऱ्याने जाणावे. सह्याद्रीच्या सड्यावर वर्षातले आठ महिने काय दिसते? करपलेला दगड. भाद्रपदात त्यावर फुले येतात म्हणून कास जगाच्या वारसायादीत गेले. आमच्या माळाचा भाद्रपद पाहायला कुणी आलेले नाही, इतकाच फरक.

दुसरी गोष्ट म्हणजे पवनचक्क्या डोंगरमाथ्यावर गेल्या का, हे समजून घेतले पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातून मिळणारी शक्ती दुपटीने वाढत नाही, आठपटीने वाढते. त्यामुळे थोड्या अधिक वाऱ्यासाठी यंत्रवाले वाटेल तेवढे उंच चढले. गेल्या शतकाच्या अखेरीस नि या शतकाच्या आरंभी जी यंत्रे आली ती ठेंगणी होती, त्यांना उंचीची भरपाई डोंगराने करून द्यावी लागे. त्यात सरकारने सवलत अशी दिली की यंत्राच्या किमतीचा ८० टक्के घसारा पहिल्याच वर्षी आयकरातून वजा करता यावा. मग काय विचारता! विजेशी ज्यांचा दिव्याच्या बटणापलीकडे संबंध नव्हता अशा मंडळींनीही साताऱ्याच्या पठारावर चक्क्या घेतल्या. चक्की फिरो न फिरो, कर वाचला म्हणजे झाले. २०१२ साली ही सवलत बंद झाली, २०१४ साली परत आली, २०१७ पासून निम्म्यावर आणली गेली. माथ्यावर काही ठिकाणी बंद पडलेली यंत्रे दिसतात आणि आपण हळहळतो. त्यांचे मूळ वाऱ्यात कमी आणि कराच्या कायद्यात अधिक आहे.

आणि इथेच मला गिरिभ्रमण करणाऱ्यांशी भांडावयाचे आहे. तुम्ही खांब पाहता. रस्ता का पाहत नाही? चक्कीचे एकेक पाते आता साठ-सत्तर मीटर लांब असते. ते एका तुकड्यात न्यावे लागते, वळणावर त्याची गाडी वळत नाही, म्हणून वळणे रुंद करावी लागतात; म्हणजे डोंगराची कूस कापावी लागते. काढलेला मुरूम खालच्या ओढ्यात ढकलला की काम स्वस्तात होते. एकेका खांबाच्या पायात शेकडो घनमीटर काँक्रीट ओतावे लागते. सड्याचा वरचा थर स्पंजासारखा असतो. तो पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि सावकाश खाली सोडतो. तो फोडला की खालच्या वाडीचा झरा माघाऐवजी पौषातच आटतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यात भीमाशंकर अभयारण्याच्या लगतच्या पवनचक्क्यांचे प्रकरण आहे. ते मी मुलींना वाचून दाखवत असे. तिथल्या क्षेत्रपालाने प्रामाणिकपणे लिहिले होते की हे सदाहरित जंगल आहे, इथे शेकरू मोठ्या संख्येने आहेत, परवानगी देऊ नये. वरिष्ठांनी ते बाजूला सारले. मग निकृष्ट रस्ते झाले, माती आणि राडारोडा खाली घसरला. आणि सर्वांवर कडी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरात वावरणाऱ्या लोकांना तिथे जायला कुंपणे आणि चौक्या घालून मज्जाव झाला. वनहक्काचा कायदा २००६ चा. त्यांचे हक्क नोंदवायचे राहिले होते, फाटक मात्र वेळेवर उभे राहिले.

आता सांगा, यातले काय अधिक वाईट: छायाचित्रात आलेला खांब, की आपल्याच डोंगरावर जायला पारखा झालेला महादेव कोळी? त्या मेळाव्यात तासभर चर्चा झाली; पहिल्यावर पन्नास मिनिटे, दुसऱ्यावर एक वाक्य. आणि ज्या वाटा या मंडळींच्या वह्यांत आहेत, त्या त्यांना दाखवल्या कुणी? त्याच कोळ्याने, कातकऱ्याने, धनगराने. त्याने पाण्याची जागा दाखवली, पुस्तकावर नाव आपले आले. त्याची वाट अडवली गेली तेव्हा आपण दुसरा डोंगर निवडला!

सौंदर्याची गोष्ट खोटी आहे असे मी म्हणत नाही. सुळक्यावर यंत्र नको, गडाच्या माचीसमोर नको, सड्यावर तर मुळीच नको. याबाबतीत मी त्या गृहस्थांच्या दोन पावले पुढे आहे. परंतु सौंदर्याच्या तक्रारीला थोडे लाजायला हवे. कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देऊळ आहे. ते कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, कारण ते आपल्या सोयीचे आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सुट्टीच्या दिवशी जो तंबूंचा बाजार भरतो आणि सोमवारी सकाळी मागे जो कचरा उरतो, तो पवनचक्की कंपनीने टाकलेला नाही. सडावाघापूरच्या पठारावर पावसाळ्यात धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते; ते पाहायला मोटारींच्या रांगा लागतात, आणि त्या पठारावर चक्क्यांना नावे ठेवत ठेवत चाकांवर बसून पोचणारे लोक मी पाहिले आहेत. दहा वर्षांपूर्वी हा माथा कसा निर्मनुष्य होता हे सांगणारा माणूस मोटारीच्या खिडकीतून सांगत असतो.

चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. घरातल्या मुलांना हा भाग मुद्दाम वाचून दाखवावा. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे ससाणे-शिक्रे वगैरे, नसलेल्या भागाच्या मानाने जवळजवळ चौपटीने कमी आढळले. मग सरड्यांचे फावले. तिथे गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला देखणा सरडा राहतो. त्याच्या कुळाचे शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवले आहे, आपल्या मराठी शब्दावरून. चक्क्यांखाली या सरड्यांची संख्या वाढली, भीती कमी झाली, माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळेनात. वरकरणी पाहता सरडेमहाराजांचे रामराज्य! पण वरचा एक प्राणी काढला की खाली सगळ्यांची वागणूक बदलते, हा त्याचा अर्थ. चक्की म्हणजे जणू त्या पठारावर आलेला एक नवा, न खाणारा शिकारी. ‘हरित वीज आहे, तिच्यात दोष कसला’ असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. दोष आहे, तो किती, कुठे आणि कुणाच्या माथी, हे मोजावे लागते.

मोजायचे कुणी? इथे आपल्या कायद्यातले एक मोठे भगदाड आहे. पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी कोणत्या प्रकल्पांना सक्तीची, याची यादी २००६ च्या अधिसूचनेत आहे. पवनऊर्जा त्या यादीत नाही. वनजमीन लागली तर वनखात्याची परवानगी. पण खाजगी रानात वा माळावर शंभर खांब उभे राहणार असले तरी गावाला एकत्र बसवून विचारण्याची सक्ती नाही. दलाल एकेका शेतकऱ्याला एकेकटा गाठतो, कागद पुढे करतो, आणि शेजाऱ्याला किती मिळाले ते कुणाला कळू देत नाही. या गुप्ततेतून काय काय उगवते ते आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याने भोगले आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणातून ती झाली, असे आरोपपत्रात म्हटले आहे. सणाच्या अंकात हे लिहिताना हात अडखळतो. पण ‘तिकडे बसवा’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना ‘तिकडे’ काय चालले आहे हे ठाऊक असावे. त्या घरातही दिवाळी येते.

आता कुणी म्हणेल, मग बाईंना पवनचक्क्या नकोतच. मुळीच तसे नाही. आम्हां परभणीकरांइतके वाऱ्याच्या विजेचे महत्त्व कुणाला कळणार! आमच्या सीमेला लागून परळीचे औष्णिक वीजकेंद्र आहे, १९७१ पासूनचे. त्याला कोळसा बाहेरून येतो, पाणी मात्र आमच्या गोदावरीचे, खडक्याच्या बंधाऱ्यातून जाते. २०१३ साली दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावे लागले, २०१५ साली पुन्हा तेच. नदीकाठची गावे टँकरची वाट पाहत होती आणि त्याच नदीत वीजकेंद्रासाठी पाणी शोधले जात होते. वाफेवर चालणाऱ्या यंत्राला तहान लागते. वाऱ्यावर चालणाऱ्याला लागत नाही. या एका वाक्यासाठी मी पवनचक्कीच्या शंभर चुका माफ करायला तयार आहे. ज्यांनी भारनियमनाची ती वर्षे काढली, ज्यांचे नवरे आणि मुलगे रात्री दोन वाजता वीज आली म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर गेले आणि सापाच्या भीतीने घरची बाई दाराशी बसून राहिली, त्यांना विजेची किंमत डोंगरावर तंबू टाकणाऱ्यांनी शिकवू नये.

आणि आणखी एक. पवनचक्क्या ढग पळवून लावतात, म्हणून पाऊस पडत नाही, अशी समजूत साताऱ्यापासून साक्रीपर्यंत पुष्कळ गावांत ऐकू आली आहे. ती आमच्याकडेही पोचली आहे. ती साफ खोटी आहे. पाते कितीही उंच गेले तरी दोनशे मीटरच्या आसपास. पावसाचा ढग कितीतरी वर आणि त्याचा पसारा मैलोगणती. शंभर पंख्यांनी तो हलत नाही. पण ही समजूत पसरली का? गावाशी कुणी सरळ बोलले नाही म्हणून. ज्याला नकाशा दाखवला जात नाही तो आकाशाकडे बोट दाखवतो.

मला जे म्हणावयाचे आहे ते असे, की आजची यंत्रे जुन्यांसारखी ठेंगणी राहिलेली नाहीत. एकशेवीस, एकशेचाळीस मीटरच्या मनोऱ्यांवर बसणारी, मंद वाऱ्यावरही चालणारी यंत्रे निघाली, म्हणूनच तर कंपन्यांची नजर बीड-धाराशिवच्या पठारांकडे वळली. याचा सरळ अर्थ असा की डोंगराचा माथा आता यंत्राला अपरिहार्य राहिलेला नाही. वनकुसवड्यासारख्या ठिकाणी पंचवीस वर्षांपूर्वीची लहान यंत्रे आहेत. तयार रस्ता आहे, तारा आहेत, जे बिघडायचे ते बिघडून झाले आहे. तिथली चार-पाच काढून एक मोठे बसवले तर वीज वाढेल आणि खांब कमी होतील. केंद्र सरकारचे यासाठी धोरण २०१६ पासून आहे, २०२३ साली ते सुधारलेही. गाडे अजून हळूच चालले आहे. गिरिभ्रमण संस्थांनी यासाठी का भांडू नये? ‘काढा’ म्हणण्यापेक्षा ‘बदला’ म्हणणे अवघड असते, कारण त्याला अभ्यास लागतो.

आणि आमच्याकडे यायचे तर या. पण टेकडीचा माथा सोडून, गायरान सोडून या. मराठवाड्यात गायरान म्हणजे नुसते कुरण नव्हे. भूमिहीनांनी, विशेषतः दलितांनी, ते कसून खाल्ले आहे. दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहापासून बीडच्या एकनाथ आवाडांच्या चळवळीपर्यंत त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, घरे जळलेली पाहिली. दप्तरात ते ‘सरकारी पडीक’. सूर्याची वीज असो की वाऱ्याची, पहिला डोळा त्याच जमिनीवर जातो, कारण तिथे सातबाऱ्यावर भांडणारा मालक नाही. ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्या चुलीवर प्रकल्प उभारून त्याला हरित म्हणू नये. शेतकऱ्याच्या रानात खांब उभा करायचा तर एकदाच चार पैसे हातावर टेकवून सही घेण्याची रीत बंद व्हावी. चक्की फिरेल तोवर दरसाल विजेच्या उत्पन्नातला वाटा मिळावा, आणि करार ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. कोणत्या माळावर कोणते गवत, कोणत्या उतारावर किती पाणी, हे तिथली माणसे सांगू शकतील, त्यांना विचारावे.

राहिली ती डोंगरवेड्या मंडळींची वह्यांतली माहिती. ती माहिती किती मोलाची आहे हे त्यांचे त्यांनाच कळलेले नाही. अमुक झरा २०१० साली वैशाखापर्यंत होता, २०२० साली फाल्गुनात आटला. ही वाट पूर्वी गुरांची होती, आता तिच्यावर फाटक आहे. या कड्यावर गिधाडांची घरटी होती, ती गेली. अशा तारीखवार नोंदी कुठल्याही सरकारी कचेरीत नाहीत. शंभर जणांनी वीस वर्षे हौसेने केलेल्या या नोंदी एकत्र केल्या तर कुठल्याही कंपनीच्या जाडजूड अहवालापुढे त्या ठेवता येतील. आज त्यांचा उपयोग पुढच्या सहलीचे पाणी कुठे भरायचे, एवढाच होतो. त्या ग्रामसभेत न्या. वाडीतल्या माणसाला वाचून दाखवा, त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या, आणि त्याची सही तुमच्या सहीच्या वर घ्या.

हे मी त्या गृहस्थांना चहाच्या वेळी सांगितले. ते सभ्य होते, त्यांनी ऐकून घेतले. शेवटी म्हणाले, “पण बाई, तुमच्या टेकड्यांची माहितीच कुठे मिळत नाही.”

तर ती देते. परभणीहून जिंतूर चाळीसेक किलोमीटर, एस. टी. मिळते. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस उत्तम. नेमगिरीला सकाळी लवकर निघावे, देवळात जाताना चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात, मागच्या अंगाने टेकडीवर चढताना गवताची कुसळे फार लागतात तेव्हा जाड मोजे घालावेत. उतरून चारठाण्याला जावे. वाटेत धनगर भेटला तर आधी रामराम करावा, मग वाट विचारावी. कुत्र्याला हात लावू नये. पाणी घरूनच न्यावे. वर जो झरा होता तो माझ्या विद्यार्थिनींच्या वहीत १९९८ च्या संक्रांतीपर्यंत वाहता लिहिला आहे. गेल्या साली तो दिवाळीलाच कोरडा होता, आणि आमच्या टेकडीवर अजून एकही पवनचक्की नाही. तेव्हा तो कशाने आटला, हे शोधायलाही माणसे हवी आहेत.